एकाच पार्टीत, एकाच खुर्चीसाठी: प्रायमरीतले उमेदवार एकमेकांशी नीट का वागतात, आणि कधी का वागत नाहीत

२०२५च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी डेमोक्रॅटिक पार्टीची प्रायमरी झाली आणि झोहरान ममदानी हे नाव आपल्यापर्यंत पण पोचलं, मीरा नायर यांचा मुलगा म्हणून बहुतेकांनी ती बातमी वाचली असेल. त्या बातमीतली एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटली असं मला वाटतं. मतदानाच्या दहा-अकरा दिवस आधी ममदानी आणि त्यांच्याच विरोधात उभे असलेले ब्रॅड लँडर या दोघांनी एकमेकांना पाठिंबा जाहीर केला. दोघांपैकी कुणीही माघार घेतली नव्हती, दोघांनाही तीच खुर्ची हवी होती, आणि तरी ममदानी आपल्या लोकांना सांगत होते की पहिली पसंती मला द्या आणि दुसरी लँडरना द्या, आणि लँडर आपल्या लोकांना बरोबर उलटं सांगत होते. एक मुसलमान, एक ज्यू, इस्रायल-गाझावरून शहर पेटलेलं, आणि हे दोघं मतदानाच्या आदल्या रात्री टीव्हीवरच्या टॉक शोमध्ये शेजारी शेजारी बसलेले.

हे कसं काय शक्य आहे? जो माणूस मला हरवू शकतो त्याला मी मत द्या असं का सांगेन? आणि दुसरीकडे त्याच अमेरिकेत एकाच पार्टीतले उमेदवार डिबेटमध्ये एकमेकांना खोटारडा म्हणतात, टोपणनावं ठेवतात, तेही आपण बघितलंय. मग खरं काय? हे नीट समजून घ्यायचं तर आधी प्रायमरी हा प्रकार काय आहे ते बघावं लागेल, कारण सगळी गोम त्यातच आहे.

प्रायमरी म्हणजे नेमकं काय

अमेरिकेत नोव्हेंबरमध्ये मुख्य निवडणूक होते. त्याच्या आधी प्रत्येक पार्टीला आपला एकेक उमेदवार ठरवायचा असतो. आपल्याकडे तिकीट पार्टीचे वरचे लोक देतात, तिथे ते साधे मतदार देतात, रीतसर मतदान करून, आणि त्या आतल्या मतदानाला प्रायमरी म्हणतात. काही राज्यांत त्या पार्टीत नाव नोंदवलेल्यांनाच मत देता येतं, काही राज्यांत कुणालाही देता येतं. बारकावे खूप आहेत पण आपल्याला एवढं पुरे.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. विस्कॉन्सिन राज्यानं १९०३ मध्ये कायदा करून उमेदवार निवडायचा हक्क थेट मतदारांना दिला, मग इतर राज्यांनी पण हळूहळू तो मार्ग धरला, पण राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार मात्र १९६८ पर्यंत शेवटी पुढारीच ठरवायचे. त्या वर्षी ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढता डेमोक्रॅटिक पार्टीचे उमेदवार झाले. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात प्रायमरीत भरभरून मतं दिलेली तरुण पोरं शिकागोला जमली होती, उमेदवार अधिकृतपणे ठरवणारं पार्टीचं अधिवेशन तिथेच होतं, त्याच्या हॉलमध्ये गोंधळ आणि बाहेर रस्त्यावर पोलिसांचा लाठीमार, हे सगळं टीव्हीवर देशानं बघितलं. नोव्हेंबरमध्ये हम्फ्री हरले. त्यानंतर नियम बदलले आणि १९७२ पासून प्रायमरीतली मतंच निर्णायक ठरायला लागली.

आता याचा परिणाम बघा. आधी पुढाऱ्यांची भांडणं बंद खोलीत व्हायची, कोण कुणाला काय बोललं हे भिंतींनाच माहीत. प्रायमरी आली आणि तेच भांडण उघड्यावर आलं, महिनोन्‌महिने, कॅमेऱ्यासमोर. लोकशाही वाढली हे चांगलंच झालं, मला ते मागे जायला नकोच आहे, पण त्याबरोबर एक नवा प्रश्न आला की आपल्याच माणसाशी चारचौघांत लढायचं कसं.

मतं सारखी, मग भांडण एवढं कडू का

कुणालाही वाटेल की एकाच पार्टीतली माणसं आहेत, विचार जुळतात, तर लढत सौम्य होईल. होतं उलटं. दोन वेगळ्या पार्ट्यांच्या लढतीत भांडायला मुद्दे भरपूर असतात, टॅक्स, गर्भपात, बंदुका, इमिग्रेशन, आणि मतदाराला पण फरक लगेच दिसतो. प्रायमरीत दोघांची मतं नव्वद टक्के सारखीच. मग मतदाराला सांगायचं काय की मीच का? उरतो फक्त माणूस. त्याचा अनुभव, त्याचा स्वभाव, तो जिंकेल का, तो खरा आपला आहे का. आणि एकदा गाडी माणसावर घसरली की मुद्द्यांवर परत आणणं फार कठीण.

असं समजा की एका ऑफिसात एका प्रमोशनसाठी दोन सहकारी लढतायत. उद्या दोघांपैकी एक जण साहेब होणार आणि दुसरा त्याच टेबलावर त्याच्यासोबत काम करणार. इथपर्यंत ठीक आहे. पण यांचा इंटरव्ह्यू चालू आहे त्याच खोलीत समोरच्या कंपनीचा माणूस रेकॉर्डर चालू करून बसलाय, आणि यांनी एकमेकांबद्दल जे जे बोललं ते तो सहा महिन्यांनी ग्राहकांना ऐकवणार आहे. प्रायमरी म्हणजे हे.

१९८०च्या रिपब्लिकन प्रायमरीत जॉर्ज बुश, म्हणजे थोरले बुश, रोनाल्ड रेगन यांच्या आर्थिक योजनेला 'वूडू इकॉनॉमिक्स' म्हणजे जादूटोण्याचं अर्थशास्त्र म्हणाले. काही महिन्यांत तेच रेगन यांचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार झाले, आणि डेमोक्रॅट लोकांना रेगन यांच्यावर टीका करायला नवा शब्द शोधावा लागला नाही, बुश यांनीच दिला होता. १९८८ मध्ये डेमोक्रॅटिक पार्टीत अल गोर यांनी न्यूयॉर्क प्रायमरीच्या आधीच्या डिबेटमध्ये मायकल डुकाकिस यांना विचारलं की तुमच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात जन्मठेपेच्या कैद्यांना सुट्टीवर सोडायची योजना आहे त्याचं काय? प्रश्न कारभाराचा होता, गोर यांनी कुठल्याही कैद्याचं नाव घेतलं नाही, वंशाचा उल्लेख केला नाही. मला तो प्रश्न विचारण्यात काही गैर वाटत नाही. पण त्याच योजनेखाली बाहेर आलेल्या एका काळ्या कैद्यानं केलेल्या गुन्ह्याची गोष्ट रिपब्लिकन बाजूनं त्या निवडणुकीत डुकाकिस यांच्याविरुद्ध अशी काही वापरली की ती अमेरिकन प्रचाराच्या इतिहासातली सगळ्यात बदनाम जाहिरात मोहीम मानली जाते. म्हणजे रास्त टीका केली तरी ती खोलीतला तिसरा माणूस टिपून ठेवतोच. मग खोट्या किंवा घाणेरड्या टीकेचं काय होत असेल.

अकरावी आज्ञा

या प्रश्नावरचं सगळ्यात प्रसिद्ध उत्तर कॅलिफोर्नियातून आलं. १९६४ मध्ये रिपब्लिकन पार्टीत बॅरी गोल्डवॉटर विरुद्ध नेल्सन रॉकफेलर अशी लढत झाली आणि ती इतकी विखारी झाली की सॅन फ्रान्सिस्कोच्या अधिवेशनात रॉकफेलर बोलायला उभे राहिले तर त्यांच्याच पार्टीच्या लोकांनी हुर्यो उडवून त्यांना धड बोलू दिलं नाही. गोल्डवॉटर उमेदवार झाले आणि नोव्हेंबरमध्ये ५० पैकी फक्त ६ राज्यं जिंकले.

दोन वर्षांनी, १९६६ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी रेगन आणि सॅन फ्रान्सिस्कोचे माजी महापौर जॉर्ज ख्रिस्तोफर यांच्यात प्रायमरी होती. राज्यातल्या पार्टीचे अध्यक्ष गेलॉर्ड पार्किन्सन यांना परत तेच नको होतं. त्यांनी बायबलमधल्या दहा आज्ञांच्या धर्तीवर अकरावी आज्ञा काढली: दुसऱ्या रिपब्लिकनबद्दल वाईट बोलायचं नाही. रेगन यांनी ती उचलली आणि आज ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते. यात रेगन यांचा फायदा होता हे उघड आहे, कारण ते नट होते, सरकारी पदाचा अनुभव शून्य, आणि टीका झाली असती तर त्यांच्यावरच जास्त झाली असती. पण फायदा पार्टीचा पण झाला. त्याच वर्षी डेमोक्रॅटिक बाजूला गव्हर्नर पॅट ब्राऊन यांच्यावर त्यांच्याच पार्टीचे लॉस एंजलिसचे महापौर सॅम यॉर्टी प्रायमरीत तुटून पडले होते. नोव्हेंबरमध्ये रेगन यांनी ब्राऊन यांना जवळपास १० लाख मतांनी हरवलं. ते फक्त या आज्ञेमुळे झालं असं कुणी म्हणू नये, इतर कारणं खूप होती, पण एक पार्टी एकत्र आली होती आणि एक फाटलेली होती हे खरं.

आणि गंमत नाही तर महत्त्वाची गोष्ट म्हणजे याच रेगन यांनी १९७६ मध्ये आपल्याच पार्टीच्या सत्तेवरच्या राष्ट्राध्यक्षाला, जेराल्ड फोर्ड यांना, प्रायमरीत आव्हान दिलं आणि पनामा कालव्यावरून, रशियाबद्दलच्या धोरणावरून त्यांच्यावर सडकून टीका केली. म्हणजे अकरावी आज्ञा म्हणजे गप्प बसा असा अर्थ खुद्द रेगन यांनी पण घेतला नाही. धोरणावर बोला, माणसाला चिखलात ओढू नका, असा तो घेतला गेला.

घाव उमेदवारावर, वळ मतदाराच्या पाठीवर

मला या सगळ्या विषयात जे सांगायचंय ते इथे आहे. आपण म्हणतो की उमेदवारांनी एकमेकांचा आदर करावा, जणू काही तो त्या दोन माणसांमधला शिष्टाचार आहे. उमेदवार जाड कातडीचे असतात हो, त्यांना सवय असते. आदर खरा करायचा असतो तो समोरच्याच्या मतदाराचा. तुम्ही प्रतिस्पर्ध्याला मूर्ख म्हणता तेव्हा त्याच्यावर विश्वास टाकून रात्री दारोदार फिरणाऱ्या बाईला तुम्ही मूर्ख म्हणता, आणि नोव्हेंबरमध्ये तुम्हाला तिचंच मत मागायला जायचं असतं.

२००८ची ओबामा-क्लिंटन लढत यासाठी बघण्यासारखी आहे. जानेवारीत सुरू झाली ती जूनपर्यंत चालली. न्यू हॅम्पशरच्या डिबेटमध्ये हिलरी लोकांना फारशा आवडत नाहीत असा विषय निघाला तर ओबामा त्यांच्याकडे नीट न बघताच म्हणाले की तू पुरेशी आवडण्यासारखी आहेस, हिलरी. इंग्रजीत चार शब्दांचं वाक्य, पण हजारो बायकांना ते टोचलं कारण ऑफिसात मीटिंगमध्ये तसाच सूर त्यांनी स्वतः ऐकलेला होता. नंतर ओहायोत क्लिंटन यांनी ओबामांच्या प्रचारपत्रकांवरून जाहीरपणे तुला लाज वाटली पाहिजे अशा भाषेत सुनावलं. रात्री तीन वाजता व्हाइट हाऊसमध्ये फोन वाजतोय, तो कोण उचलेल, ही क्लिंटन यांची जाहिरात तर आजही आठवली जाते.

पण त्याच लढतीत एक गोष्ट दोन्ही बाजूंनी पाळली. मार्चमध्ये ओबामांच्या परराष्ट्र धोरणाच्या सल्लागार समँथा पॉवर एका मुलाखतीत क्लिंटन यांना राक्षस म्हणून गेल्या. त्यांना माफी मागून कॅम्पेन सोडावं लागलं. त्याच महिन्यात क्लिंटन यांच्या बाजूच्या जेराल्डिन फेरारो, १९८४च्या उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार, एवढं मोठं नाव, त्या म्हणाल्या की ओबामा गोरे असते तर ते आज या जागी नसते. त्यांना पण कॅम्पेनमधलं पद सोडावं लागलं. म्हणजे रेषा कुठे आहे ते कुणीतरी ठरवलं होतं आणि ती ओलांडणाऱ्याला, तो कितीही मोठा असो, किंमत मोजायला लावली जात होती.

जून उजाडेपर्यंत क्लिंटन यांचे काही समर्थक उघड म्हणत होते की आम्ही ओबामांना मत देणार नाही, रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेनना देऊ. ७ जूनला क्लिंटन यांनी वॉशिंग्टनमध्ये भाषण करून हार मान्य केली, आणि नुसती हार मान्य केली नाही तर माझ्यासाठी जेवढं राबलात तेवढंच आता ओबामांसाठी राबा असं लोकांना सांगितलं. त्याच महिन्याच्या २७ तारखेला दोघांची एकत्र सभा झाली, न्यू हॅम्पशरमधल्या युनिटी नावाच्या लहानशा गावात, जिथे प्रायमरीत दोघांना बरोबर १०७-१०७ मतं पडली होती. ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनात राज्याराज्यांची मतं मोजली जात असताना क्लिंटन यांनी स्वतः उठून ठराव मांडला की मोजणी थांबवा आणि ओबामांना एकमुखानं उमेदवार करा. त्यात त्यांच्या मतदारांना हे पण दिसलं की आमची मतं मोजायला घेतली होती, आमचं नाव पुकारलं गेलं होतं. हा भाग फार महत्त्वाचा आहे. हरलेल्याला नुसतं विसरा आणि या असं म्हणून कुणी येत नाही.

म्हणजे टीका करायचीच नाही?

करायची, आणि जोरात करायची. प्रायमरीचं कामच ते आहे. ज्या उमेदवाराला आपल्या लोकांचे अवघड प्रश्न झेपत नाहीत त्याला विरोधकांचे काय झेपणार. टीका दाबून एकजूट आणायची म्हणजे परत १९६८च्या आधी जाणं, जिथे पुढारी म्हणतील ती एकजूट.

फरक कशात आहे ते २०१९च्या एका डिबेटमध्ये छान दिसतं. मायामीत कमला हॅरिस यांनी जो बायडन यांना शाळांमधला वर्णभेद मोडण्यासाठी मुलांना बसनं दुसऱ्या भागातल्या शाळेत नेण्याच्या योजनेवरून धरलं, कारण १९७०च्या दशकात बायडन यांनी त्या योजनेला विरोध केला होता. कॅलिफोर्नियातली एक लहान मुलगी अशा बसनं शाळेत जायची आणि ती मुलगी मी होते, असं त्या म्हणाल्या. त्या रात्रीचा तो सगळ्यात कडक वार होता. पण सुरुवातच त्यांनी अशी केली की तुम्ही वंशवादी आहात असं मी मानत नाही. बायडन दुखावले, त्यांचे लोक चिडले, पण वार त्यांच्या जुन्या भूमिकेवर होता, ते कोण आहेत यावर नव्हता. पुढच्या वर्षी बायडन यांनी त्यांनाच उपराष्ट्राध्यक्षपदासाठी निवडलं.

आणि कधी कधी टीका न करणं हे पण ताकदीचं असतं. २०१५ मध्ये लास वेगासच्या डिबेटमध्ये क्लिंटन यांच्या खाजगी ईमेल सर्व्हरचा विषय निघाला, बर्नी सँडर्स यांना आयतीच संधी होती, आणि ते म्हणाले की लोक तुमच्या त्या ईमेलचं ऐकून कंटाळलेत, खऱ्या प्रश्नांवर बोलू. क्लिंटन यांनी हात पुढे केला, दोघांनी हस्तांदोलन केलं, हॉल टाळ्यांनी भरला. त्यानंतर त्यांनी बँका, मजुरी, इराक युद्ध यांवर क्लिंटन यांना अजिबात सोडलं नाही.

पण ट्रंप तर जिंकलेच ना?

हा प्रश्न येणारच आणि यायलाच पाहिजे. २०१६ मध्ये रिपब्लिकन पार्टीत १७ नामांकित उमेदवार होते, डोनाल्ड ट्रंप यांनी एकेकाला टोपणनावं ठेवली, टेड क्रूझ यांना खोटारडा, मार्को रुबिओ यांना बुटका, क्रूझ यांच्या बायकोबद्दल आणि वडिलांबद्दल पण बोलले, आणि उमेदवारी जिंकले, निवडणूक पण जिंकले. मग सभ्यता म्हणजे हरणाऱ्यांचं सांत्वन आहे का?

मी प्रामाणिकपणे सांगतो, सभ्य उमेदवार जिंकतो असा काही नियम नाहीये. तसं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, मैदानात खूप जण असतात तेव्हा निम्मी मतं लागतच नाहीत, आपला एक पक्का गट असला की पुरतं, आणि ट्रंप यांना प्रायमरीतली निम्म्याहून कमीच मतं मिळाली होती. गटाबाहेरच्यांना दुखावण्याची किंमत अशा वेळी लगेच दिसत नाही. दुसरं, अमेरिकेत दोन पार्ट्यांमधलं अंतर आता इतकं वाढलंय की बहुतेक मतदार रागावले तरी शेवटी आपल्याच पार्टीकडे परततात, कारण समोरची पार्टी त्यांना त्याहून नको असते. म्हणजे ती किंमत पार्टीनं चुकवली नाही, ती देशाच्या राजकारणात जिरली.

उलट उदाहरणं पण आहेत. २००४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या लढतीत आयोवा राज्यात हॉवर्ड डीन आणि डिक गेपहार्ट हे दोन पुढचे उमेदवार एकमेकांवर जाहिरातींचा मारा करत बसले. लोक दोघांनाही कंटाळले. जॉन केरी पहिले आले, जॉन एडवर्ड्स दुसरे, डीन तिसरे आणि गेपहार्ट चौथे, आणि गेपहार्ट यांनी लगेच लढत सोडली. दोघांचीच लढत असेल तर समोरच्याला पाडलं की मी वर, पण चौघं असतील तर मी फेकलेल्या दगडाचा फायदा तिसऱ्याला होतो.

मतपत्रिका बदलली की बोलणं बदलतं

आता न्यूयॉर्ककडे परत. तिथे शहराच्या प्रायमरीत पसंतीक्रमाचं मतदान असतं, म्हणजे एकाच नावावर खूण न करता मतदार पाच जणांपर्यंत पहिला, दुसरा, तिसरा असे क्रम देतो. कुणालाच निम्म्याच्या वर पहिल्या पसंतीची मतं नसतील तर सगळ्यात कमी मतंवाला बाद होतो आणि त्याच्या मतदारांची मतं त्यांच्या पुढच्या पसंतीकडे जातात. असं करत करत शेवटी दोघं उरतात.

आता तुम्ही उमेदवार आहात असं धरा. समोरच्याचा पक्का मतदार तुम्हाला पहिली पसंती कधीच देणार नाही, पण दुसरी देऊ शकतो, आणि तीच तुम्हाला तारू शकते. मग त्याच्या आवडत्या माणसाला शिव्या घालून कसं चालेल. नोव्हेंबरमधला तो प्रश्न, की उद्या याच मतदाराकडे जायचंय, या पद्धतीनं जूनमध्येच आणून ठेवला.

मेन राज्यानं २०१८च्या प्रायमरीत ही पद्धत पहिल्यांदा राज्यभर वापरली तेव्हा गव्हर्नरपदासाठी लढणारे मार्क ईव्ह्ज आणि बेट्सी स्वीट यांनी एकत्र येऊन लोकांना सांगितलं की आमच्यापैकी एकाला पहिलं आणि दुसऱ्याला दुसरं ठेवा. जिंकलं त्यांच्यातलं कुणीच नाही, जॅनेट मिल्स जिंकल्या. २०२१ मध्ये न्यूयॉर्कात अँड्रू यँग यांनी कॅथरीन गार्सिया यांना दुसरी पसंती द्या असं सांगितलं, दोघं एकत्र फिरले, तर त्यांचे प्रतिस्पर्धी एरिक अॅडम्स यांच्या बाजूनं आरोप झाला की हा काळ्या उमेदवाराला अडवायचा डाव आहे. गार्सिया शेवटी अॅडम्स यांच्याकडून साधारण ७,२०० मतांनी हरल्या. आणि २०२५ मध्ये ममदानी-लँडर यांची मैत्री जेवढी गोड दिसली तेवढीच राज्याचे माजी गव्हर्नर अँड्रू कुओमो यांच्याशी त्यांची लढत कडू होती, कुओमोंना कुठलाच क्रम देऊ नका असाच प्रचार होता.

म्हणून कुणी म्हणेल की हे सगळं गणितच झालं, आदर कसला. थोडंफार बरोबर आहे. पण मला गणितातून आलेली सभ्यता कमी दर्जाची वाटत नाही. लँडर यांच्या ज्यू मतदारांनी जेव्हा आपल्या माणसाला ममदानींच्या शेजारी उभं बघितलं तेव्हा त्यांच्यासाठी ती भीती कमी करणारी गोष्ट होती, तिच्यामागे हिशोब होता का नव्हता यानं त्यात काय फरक पडतो? पहिल्या फेरीत लँडर यांना साधारण ११ टक्के मतं होती, ते तिसरे आले, आणि शेवटच्या मोजणीत ममदानी ५६ टक्क्यांवर गेले.

खरी परीक्षा हरल्यावर

प्रचारात गोड बोलणं सोपं असतं, हरल्यावर कळतं. १९७६ मध्ये फोर्ड यांनी रेगन यांना अधिवेशनातल्या प्रतिनिधींच्या मतांत ११८७ विरुद्ध १०७० असं थोडक्यात हरवलं, आणि कॅन्सस सिटीच्या अधिवेशनात स्वतःचं भाषण झाल्यावर वर गॅलरीत बसलेल्या रेगन यांना मंचावर बोलावून माईक दिला. फोर्ड ती निवडणूक तरी हरलेच. १९८०च्या अधिवेशनात राष्ट्राध्यक्ष कार्टर आणि टेड केनेडी एकाच मंचावर होते पण हात उंचावून एकत्र उभं राहण्याचा तो फोटो काही केनेडी यांनी दिला नाही, सगळा देश ते टीव्हीवर बघत होता. २०१६ मध्ये क्रूझ क्लीव्हलंडच्या अधिवेशनात मंचावर गेले आणि सद्सद्विवेकाला स्मरून मत द्या म्हणाले, ट्रंप यांना पाठिंबा नाही, लोकांनी हुर्यो उडवली. ज्यानं माझ्या बायको आणि वडिलांवर चिखल उडवला त्याला मी का नमू, असं त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं. सप्टेंबरमध्ये शेवटी दिलाच पाठिंबा. मला वाटतं इथे क्रूझ यांना दोष देताना विचार करावा, कारण आदर दोन्ही बाजूंनी लागतो, हरलेल्यानंच गिळायचं असं नसतं.

कायद्यानं पण यात हात घातलाय. बहुतेक राज्यांत असा नियम आहे की प्रायमरी हरलेला माणूस त्याच निवडणुकीत दुसऱ्या वाटेनं परत उभा राहू शकत नाही. सगळीकडे नाही. कनेक्टिकटमध्ये २००६ मध्ये सेनेटर जो लिबरमन डेमोक्रॅटिक प्रायमरी नेड लॅमंट यांच्याकडून हरले, अपक्ष उभे राहिले आणि जिंकले. कुओमो पण २०२५ मध्ये प्रायमरी हरून नोव्हेंबरला परत उभे राहिले, आणि परत ममदानींकडून हरले.

आणि आपण, म्हणजे समर्थक

आजकाल उमेदवारांपेक्षा जास्त विष त्यांच्या बाजूनं बोलणारे ओततात. यात पैशाचा एक मोठा भाग आहे. २००२च्या कायद्यानं उमेदवाराला आपल्या टीव्ही जाहिरातीत स्वतःच्या तोंडानं सांगावं लागतं की ही जाहिरात मला मान्य आहे. चांगला नियम आहे, घाण करायची तर तोंड दाखवून करा. पण २०१० नंतर सुपर पॅक आले, म्हणजे उमेदवाराशी संगनमत न करता कितीही पैसा उधळू शकणाऱ्या संस्था, आणि त्यांच्या जाहिरातीत उमेदवाराला काही कबूल करावं लागत नाही. उमेदवार हसत हात मिळवतो आणि त्याच्या नावानं दुसराच कुणी रात्रभर टीव्हीवर समोरच्याची अब्रू काढत असतो. अशा वेळी उमेदवाराला एकच प्रश्न विचारायचा, हे तुम्हाला चालतं का, आणि तो उत्तर देतो का टाळतो ते बघायचं.

ऑनलाइन ट्रोलिंग तर त्याहून अवघड, कारण तिथे राजीनामा घ्यायला कुणी पदावरच नसतं. २०१६ मध्ये प्रायमरीत सँडर्स यांना मत देणाऱ्यांपैकी दहात एकाच्या आसपास लोकांनी नोव्हेंबरमध्ये ट्रंप यांना मत दिलं. त्यातले काही कसेही गेलेच असते. पण वर्षभर एकमेकांना विकले गेलेले आणि भाबडे म्हणून घेतल्यावर काही जण परत यायला तयार नव्हते, हे त्या काळात कुठल्याही धाग्यावर वाचलं असतं तर कळलं असतं.

चार वर्षांनी डेमोक्रॅटिक पार्टीनं वेगळं करून बघितलं. सँडर्स ८ एप्रिल २०२० ला थांबले आणि १३ तारखेला त्यांनी बायडन यांना पाठिंबा दिला, पण हस्तांदोलनावर विषय संपवला नाही. दोघांनी मिळून सहा विषयांवर समित्या नेमल्या, हवामान, आरोग्य, शिक्षण, अर्थव्यवस्था, न्यायव्यवस्था, इमिग्रेशन, आणि प्रत्येकीत दोन्ही गटांची माणसं. हवामानाच्या समितीवर जॉन केरी यांच्या बरोबरीनं अध्यक्ष होत्या सँडर्स यांच्या बाजूच्या अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ. सगळ्यांसाठी सरकारी आरोग्य विमा ही सँडर्स यांची मुख्य मागणी त्यात मान्य झाली नाही. पण जुलैमध्ये अहवाल आला तेव्हा त्यांच्या समर्थकांना निदान हे उघडून बघता आलं की आपलं काय घेतलं आणि काय नाही घेतलं.